सत्याला साक्ष ठेवून

विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात उत्क्रांती, ग्रहणे किंवा पृथ्वीचे वय असा एखादा विषय झाला, की प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतला एक हात हमखास वर होतो. “ते सगळं पटलं, सर. पण तुम्ही स्वतः देव मानता का?” मी “नाही” म्हणतो. मग चहाच्या वेळी दोन तऱ्हेचे लोक भेटतात. काहींच्या चेहऱ्यावर दिसते, की आता हा गृहस्थ आपल्या श्रद्धेची टिंगल करणार. दुसरे काही जण बाजूला घेऊन हळू आवाजात सांगतात, “मानत आम्हीही नाही, पण शाळेत बोलायची सोय नाही. खंडेनवमीला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाची पूजा होते, तेव्हा गप्प मागे उभं राहतो.”

या दोन्ही प्रतिक्रियांच्या मागे एकच समजूत आहे. ती अशी, की नास्तिकापुढे दोनच मार्ग असतात, भांडण किंवा मौन. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी एका प्रसंगाचा इतिहास उपयोगी पडेल. तो घडला आपल्या महाराष्ट्रातच, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात. त्यातली दोन मुख्य पात्रे म्हणजे महात्मा गांधी आणि वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक. पण त्याआधी थोडे मागे जायला हवे.

नास्तिक कोणाला म्हणायचे?

आज आपण ‘नास्तिक’ हा शब्द ‘देव न मानणारा’ या अर्थाने वापरतो. भारतीय दर्शनांत त्याचा अर्थ वेगळा होता. वेदांचे प्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक. त्यामुळे जैन, बौद्ध आणि चार्वाक ही नास्तिक दर्शने ठरली. उलट जगाचा कर्ता ईश्वर मानण्याची गरज न वाटलेले सांख्य आणि पूर्वमीमांसा हे विचार मात्र वेद मानत असल्याने आस्तिक राहिले. म्हणजे ईश्वराविषयीचा मतभेद आपल्याकडे परकीयांनी आणलेला नाही. तो घरचाच आहे आणि फार जुना आहे. चार्वाकांचे मत आपल्याला प्रामुख्याने त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. विरोधकाचे म्हणणे आधी मांडायचे आणि मग त्याचे खंडन करायचे, या पूर्वपक्षाच्या पद्धतीमुळेच ते आपल्यापर्यंत पोचले.

एकोणिसाव्या शतकात ‘अज्ञेयवादी’ हा आणखी एक गट पुढे आला. ईश्वर आहे की नाही, हे जाणण्याचे साधन आपल्याकडे नाही, असे तो म्हणतो. आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकर या विचाराचे होते. १८८८ साली ‘सुधारक’ काढून त्यांनी रूढींवर टीका केली, तेव्हा पुण्यातील सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. न मानणाऱ्याने मोकळेपणे बोलावे आणि मानणाऱ्याने ते ऐकून घ्यावे, ही गोष्ट किती अवघड होती, याची यावरून कल्पना येईल.

शपथेचा प्रश्न

इंग्लंडमध्ये हा झगडा एका वेगळ्याच कारणावरून पेटला. चार्ल्स ब्रॅडलॉ हे जाहीर नास्तिक १८८० साली नॉर्थँप्टन येथून पार्लमेंटवर निवडून आले. सभासदाने ईश्वराला स्मरून शपथ घ्यायची, असा नियम होता. ब्रॅडलॉ म्हणाले, मला शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या. सभागृहाने नाही म्हटले. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय, असे म्हणून तीही नाकारली. एका रात्रीपुरते त्यांना पार्लमेंटच्या मनोऱ्यात कैदेतही ठेवण्यात आले. मतदार त्यांना पुनःपुन्हा निवडून देत होते आणि सभागृह पुनःपुन्हा दार लावत होते. अखेर १८८६ साली त्यांना आसन मिळाले, आणि त्यांच्याच प्रयत्नाने १८८८ साली शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा देणारा कायदा झाला.

यात एक बारकावा आहे. शपथेला पर्याय असावा, ही मागणी इंग्लंडमध्ये नास्तिकांच्या कितीतरी आधी क्वेकर पंथाच्या लोकांनी केली होती. हे लोक अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती. बायबलमध्ये शपथ घेऊ नये असे सांगितले आहे, म्हणून ते शपथ घेत नसत आणि त्यापायी तुरुंगात जात. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी कायद्यात सोय झाली. नास्तिक ज्या दारातून आत गेले, ते आधी श्रद्धाळूंनी किलकिले केले होते.

ब्रॅडलॉ हिंदुस्थानचे मित्र होते. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला ते आले होते. ३० जानेवारी १८९१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा एकवीस वर्षांचा एक हिंदी विद्यार्थी त्यांच्या अंत्यविधीला गेला. त्याचे नाव मोहनदास गांधी. परतताना स्टेशनवर एक नास्तिक गृहस्थ एका पाद्र्याची उलटतपासणी घेऊ लागला. देव केवढा आहे, कोठे राहतो, असे त्याचे प्रश्न होते. पाद्री नम्रपणे ऐकत राहिला. या संवादाने नास्तिकपणाविषयीची आपली नावड वाढलीच, असे गांधींनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. वादात कदाचित त्या गृहस्थाची सरशी झाली असेल, पण शेजारी उभा असलेला एक तरुण त्याने त्या क्षणी गमावला.

ईश्वर सत्य की सत्य ईश्वर?

तरी ब्रॅडलॉ यांचा सत्यनिष्ठ स्वभाव गांधी विसरले नाहीत. पूर्वी ते ‘ईश्वर हे सत्य आहे’ असे म्हणत. पुढे त्यांनी वाक्य उलटवले आणि ‘सत्य हाच ईश्वर आहे’ असे म्हणू लागले. डिसेंबर १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी या बदलाचे कारण सांगितले. ईश्वराच्या नावाने अनन्वित क्रौर्य झाले आहे. शिवाय ईश्वर नाकारणारे लोक असतात, आणि तेही अनेकदा सत्याच्या ओढीनेच त्याला नाकारतात. पण सत्य नाकारणारा कोणी नाही. नास्तिकालाही ज्यात सामावता येईल, अशी व्याख्या ते शोधत होते.

मात्र यामुळे त्यांचे सगळे विचार विज्ञानाशी जुळणारे झाले, असे समजण्याचे कारण नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. हजारो माणसे मेली. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे, असे गांधींनी जाहीरपणे म्हटले. त्याला सर्वांत ठाम विरोध केला रवींद्रनाथ ठाकुरांनी. रवींद्रनाथ नास्तिक नव्हते. पण भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, त्यांना नैतिक शिक्षेचा अर्थ लावला तर अविवेकाला खतपाणी मिळते, असे त्यांनी कळवले. गांधींनी ते पत्र आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापले आणि सोबत आपले उत्तर दिले. मत मात्र बदलले नाही.

आज आपल्याला ठाऊक आहे, की भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूपट्टाला रेटतो आणि खडकांत साठलेला ताण मोकळा झाला की हिमालयाच्या पायथ्याशी असे भूकंप होतात. ते अस्पृश्यता पाळणारा आणि तिला बळी पडणारा, असा भेद करीत नाहीत. वर्गात हा वाद जरूर सांगावा, कारण विज्ञानाची बाजू येथे एका आस्तिक कवीने लढवली होती. विचार करण्याच्या पद्धतीची सीमारेषा आस्तिक आणि नास्तिक यांच्या बरोबर मधून जात नाही.

वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक

आता आपल्या दुसऱ्या पात्राकडे येऊ. गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच ‘गोरा’, यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०२ रोजी ओरिसातील छत्रपूर येथे एका तेलुगू ब्राह्मण कुटुंबात झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी वनस्पतिशास्त्रात एम.ए. केले. मदुराई, कोइमतूर, कोलंबो अशा ठिकाणी नोकऱ्या केल्या. भुताने झपाटलेले म्हणून लोक ज्या घराकडे फिरकत नसत, तेथे ते मुद्दाम राहिले. पत्नी सरस्वती यांनी गरोदर असताना ग्रहण पाहिले. (सूर्यग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, हे सर्वांनाच लागू आहे, गरोदर बाईला वेगळे काही पाळण्याचे कारण नाही.) गोरांनी जानवे घालण्याचे नाकारले, तेव्हा वडिलांनी त्यांना घराबाहेर काढले. हे १९२८ सालचे. देवाविषयी लिहिलेल्या एका लेखावरून १९३३ साली काकीनाडा येथील महाविद्यालयातली नोकरी गेली. पुढे मछलीपट्टणमलाही नास्तिक विचारांवरून वाद झाले आणि अखेर त्यांनी प्राध्यापकीच सोडली. १९४० साली कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात त्यांनी ‘नास्तिक केंद्र’ सुरू केले. १९४७ साली ते विजयवाड्याला हलवले.

या केंद्राचे काम पाहिले, तर ते गांधींच्या आश्रमातल्या कामासारखेच होते. साक्षरतेचे वर्ग, अस्पृश्यतेविरुद्ध मोहीम, सर्व जातींची सहभोजने. सहभोजनासाठी त्यांनी पौर्णिमेची रात्र धरली होती. १९४२ च्या लढ्यात हे कुटुंब तुरुंगातही गेले. मुलांची नावे पाहिली तरी घराचे वातावरण कळते. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी झालेला मुलगा ‘लवणम’, निवडणुकीत काँग्रेसला विजय मिळाला तेव्हाचा ‘विजयम’, महायुद्ध पेटले तेव्हाचा ‘समरम’, आणि नववे अपत्य म्हणून ‘नऊ’. देवादिकांचे एकही नाव नाही.

अंधश्रद्धांवर ते व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकावर भर देत. निखाऱ्यांवरून चालण्याचे प्रयोग केंद्राने अनेकदा केले. यामागचे तत्त्व आपल्या वाचकांना परिचित असेल. लाकडी कोळशाची आणि त्यावरील राखेची उष्णतावहनक्षमता फार कमी असते, आणि प्रत्येक पावलाचा स्पर्श सेकंदभरही टिकत नाही. त्यामुळे कातडी भाजण्याइतकी उष्णता पायात शिरण्याआधीच पाऊल उचललेले असते. तेथे लोखंडी पत्रा असेल तर मात्र श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांचेही पाय सारखेच भाजतील. (हा प्रयोग शाळेत करू नये, थांबलेले किंवा अडखळलेले पाऊल भाजतेच.)

सेवाग्रामातली भेट

गोरांनी गांधींना पहिले पत्र लिहिले १९३० साली. ईश्वर या शब्दाचा तुमच्या मते अर्थ काय, असा त्यात सरळ प्रश्न होता. ईश्वर मानवी आकलनापलीकडचा आहे, असे एका ओळीचे उत्तर आले. १९४१ साली त्यांनी भेटीसाठी वेळ मागितला. त्या वेळचे उत्तर कडक होते. नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणे; तुम्हाला जे यश मिळाले आहे ते तुमच्या तळमळीच्या कामाचे आहे, नास्तिकतेचे नव्हे; चर्चेला मला वेळ नाही. एखाद्याने यानंतर नाद सोडला असता. गोरा काम करीत राहिले, आणि त्या कामाची वार्ता सेवाग्रामपर्यंत जात राहिली.

मे १९४४ मध्ये गांधी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील कैदेतून सुटले. वर्षाच्या अखेरीस गोरांना सेवाग्रामचे बोलावणे आले. नोव्हेंबरमध्ये ते तेथे पोचले. संध्याकाळच्या फिरण्याच्या वेळी पहिली गाठ पडली. निरीश्वर माणसाशी आपण काय बोलणार, अशा अर्थाची थट्टा गांधींनी केली. गोरा हसले आणि आपण निरीश्वर नाही, नास्तिक आहोत, असे म्हणाले. ‘निरीश्वर’ शब्दात फक्त अभाव आहे. देव नाही हे मान्य केल्यावर माणसाच्या अंगी जी स्वतःची जबाबदारी येते, ती माझी नास्तिकता, असा त्यांचा खुलासा होता.

पुढे सविस्तर बोलणे झाले, तेव्हा गोरांनी अमूर्त तर्क बाजूला ठेवला आणि कलकत्त्यात पाहिलेले दृश्य सांगितले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. शहराच्या रस्त्यांवर भुकेली माणसे मिठाई आणि फळांच्या दुकानांशेजारी पडून मरत होती. त्यांनी हात पुढे करून ते अन्न घेतले नाही, आणि दुकानदारांनाही द्यावेसे वाटले नाही. दोघांनीही ते नशिबाचे भोग मानले, असे गोरांचे म्हणणे. हे सारे माणसाच्या हातात आहे असे वाटले असते, तर दोघेही वेगळे वागले असते.

येथे आपण थोडे थांबू या. आज या दुष्काळाचा अभ्यास बराच पुढे गेला आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले, की बंगालमध्ये धान्य अगदीच नव्हते असे नाही. युद्धकाळातील महागाईत मजूर, कोळी, कारागीर यांची खरेदी करण्याची ताकद नाहीशी झाली होती. सरकारी धोरणांचा त्यात मोठा वाटा होता. दैववाद हे एकमेव किंवा मुख्य कारण म्हणता येणार नाही. गोरांचे निरीक्षण खरे होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा होता. नास्तिक असल्याने आपले निष्कर्ष आपोआप बरोबर येत नाहीत, हे आपण शास्त्रज्ञांनी विशेष ध्यानात ठेवायला हवे.

गांधींनी हे सारे शांतपणे ऐकले आणि जे सांगितले, ते गोरांनी नंतर आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक, असे मी म्हणू शकत नाही. आपण दोघेही सत्य शोधणारे आहोत. कोण बरोबर, हे परिणाम ठरवतील. मग कदाचित मी तुमच्या वाटेने येईन, किंवा तुम्ही माझ्या, किंवा दोघेही तिसऱ्याच वाटेने जाऊ. तोवर तुमची पद्धत माझ्याविरुद्ध असली, तरी मी तुम्हाला मदत करीन. असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

एका दृष्टीने ही वैज्ञानिक वृत्ती आहे. आपले मत चुकीचे ठरू शकते, ही शक्यता उघड मान्य करणे आणि फैसला अनुभवावर सोपवणे, हे संशोधनातही फार थोड्यांना जमते. पण या कसोटीने नेमके काय तपासले जाणार होते? मुदुनूरचे लोक सेवाग्रामच्या लोकांपेक्षा अधिक निर्भय किंवा अधिक समतेने वागू लागले, तर त्यावरून ईश्वर आहे किंवा नाही, हे सिद्ध होत नाही. एखाद्या समजुतीचा वागणुकीवर काय परिणाम होतो, एवढेच त्यातून कळेल. समजूत उपयोगी आहे की नाही आणि ती खरी आहे की नाही, हे दोन प्रश्न निराळे आहेत. गांधी आणि गोरा यांनी पहिला प्रश्न एकत्र सोडवायला घेतला आणि दुसऱ्याबद्दलचे मतभेद कायम ठेवले. मला वाटते, त्यांचे पटले याचे रहस्य यातच आहे.

एका लग्नाची गोष्ट

कसोटी लवकरच आली. गोरांची थोरली मुलगी मनोरमा हिचे लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील अर्जुन राव या तरुणाशी करायचे ठरले. गोरांनी गांधींना कळवले. ते आनंदले. जोडप्यातील एक जण त्या समाजातला असेल अशाच विवाहांना आशीर्वाद द्यायचे, असे त्यांनी त्या काळात ठरवले होते. त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. मुलगी लहान आहे, दोन वर्षे थांबा. आणि तोवर मुलाने आश्रमात येऊन शिक्षण घ्यावे. लग्न सेवाग्रामातच, माझ्या समोर करू, असे ते म्हणाले.

अडचण होती विधीची. आश्रमातल्या विवाहात वधूवर ईश्वराला साक्ष ठेवून प्रतिज्ञा करीत. गोरांच्या घरच्या मुलीने हे शब्द उच्चारणे म्हणजे लग्नाच्या दिवशीच खोटे बोलणे झाले असते. शब्द तर हजारो लोक न मानता उच्चारतात, त्यात काय एवढे, असे म्हणून गोरांना सुटता आले असते. आश्रमाचे नियम आहेत, ते पाळायचे नसतील तर लग्न दुसरीकडे करा, असे गांधींनाही म्हणता आले असते. दोघांनीही तसे केले नाही. ईश्वराऐवजी सत्याला साक्ष ठेवून प्रतिज्ञा घ्यावी, असे गांधींनी मान्य केले. त्यांच्या मते सत्य आणि ईश्वर एकच असल्याने त्यांना काही सोडावे लागले नाही. आणि गोरांनाही जे मान्य नाही ते म्हणावे लागले नाही.

ते लग्न पाहायला गांधी राहिले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. देशभरचे रचनात्मक कार्यकर्ते मार्चमध्ये सेवाग्रामात जमले होते, त्याच दिवसांत, १३ मार्च १९४८ रोजी, ठरल्याप्रमाणे हे लग्न आश्रमात झाले. बापू नाहीत, आता जुन्या विधीने करू, असे आश्रमवासीयांनी म्हटले नाही. दिलेला शब्द त्यांनी पाळला.

गोरांनी या भेटींचा वृत्तांत ‘अ‍ॅन एथीस्ट विथ गांधी’ या छोट्या इंग्रजी पुस्तकात लिहिला. १९५१ साली तो प्रसिद्ध केला गांधींच्याच नवजीवन प्रकाशनाने, आणि प्रस्तावना लिहिली वर्ध्याला राहणाऱ्या किशोरलाल मशरूवाला या निष्ठावंत गांधीवाद्याने. पुढे विनोबांची भूदान पदयात्रा आंध्रात गेली, तेव्हा त्यांच्या भाषणांचे तेलुगू भाषांतर करायला लवणम सोबत चालत असत. गीतेत रमलेल्या मराठी संताच्या शब्दाशब्दाला तेलुगू रूप देणारा हा तरुण जाहीर नास्तिक होता. याचे ना विनोबांना वावडे वाटले, ना त्याला.

गोरांचे सगळेच प्रयोग असे जोडणारे होते, असे नाही. १९७२ साली त्यांनी विजयवाड्यात गोमांस आणि डुकराचे मांस एकत्र खाण्याचा जाहीर कार्यक्रम केला. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही निषिद्धांना हात घालून मैत्री वाढवावी, हा हेतू. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण सहभोजनाच्या पंक्तीत जो जातीमुळे बाहेर ठेवला गेला होता तो आत आला. या पंक्तीला मात्र आपला नियम मोडायला तयार असलेलाच येऊ शकत होता. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. २६ जुलै १९७५ रोजी एका सभेत बोलत असताना गोरांचे निधन झाले.

घटना समितीतले मतदान

सेवाग्रामच्या लग्नातला पेच पुढे देशापुढेही आला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी सुचवले, की राज्यघटनेच्या सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. समितीतील बहुतेक सभासद श्रद्धाळू होते. तरीही ४१ विरुद्ध ६८ मतांनी ही सूचना फेटाळली गेली. हृदयनाथ कुंझरू यांनी तिला विरोध करताना हाच मुद्दा मांडला, की ज्या घटनेत श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे, तिने एक श्रद्धा सर्वांवर लादू नये. देव नको म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या तोंडी तो सक्तीने घालू नये म्हणून अनेकांनी विरोधी मत दिले.

शपथेबाबत घटनेने दोन्ही दारे उघडी ठेवली. तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे मंत्री किंवा आमदार ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घेऊ शकतो, किंवा गांभीर्यपूर्वक ‘दृढकथन’ करू शकतो. ब्रॅडलॉ यांना ज्यासाठी सहा वर्षे दाराबाहेर उभे राहावे लागले, ते येथे पहिल्या दिवसापासून मिळाले. पंचविसाव्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. त्यात न मानण्याचे स्वातंत्र्यही आले. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे अठ्ठाविसाव्या अनुच्छेदात सांगितले आहे. आणि १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, आस्तिकाचेही आणि नास्तिकाचेही.

कागदावर हे असले, तरी किंमत मोजणारे मोजतच आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते. पण देव आणि धर्म मानण्याला आपल्या समितीचा विरोध नाही, त्या नावाखाली होणाऱ्या शोषणाला आहे, असे ते जन्मभर सांगत राहिले. श्रद्धाळू कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन त्यांनी काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने मंजूर केला. सौम्यपणे बोलणारा सुरक्षित राहतो, असा दिलासा इतिहास देत नाही. तरीही तसेच बोलायचे, हे त्यांनी जाणून ठरवले होते.

शाळेत याचा उपयोग काय?

आता पुन्हा त्या शिबिराकडे वळू. या इतिहासातून शिक्षकाला उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी मला दिसतात.

पहिली, आपले मत लपवू नये, पण ते विद्यार्थ्यांवर परीक्षेतल्या उत्तरासारखे लादूही नये. विद्यार्थ्याने विचारले तर सांगावे, आणि हे माझे मत आहे, अभ्यासक्रमाचा भाग नव्हे, हेही सांगावे. भूकंप कशाने होतो, हे मात्र मत नाही. तेथे पुरावा काय आहे ते स्पष्टपणे दाखवावे. घरी कोणी वेगळे सांगते म्हणून ते सौम्य करू नये. रवींद्रनाथांनी गांधींसारख्या माणसासमोरही ते केले नाही.

दुसरी, वाद जिंकण्याच्या भरात शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विसरू नये. ब्रॅडलॉ यांच्या अंत्यविधीनंतरचे ते स्टेशन आठवावे. ज्या मुलीची आई उपास करते, तिच्यासमोर उपासाची खिल्ली उडवली, तर ती आईची बाजू घेईल, आणि ते योग्यच आहे. तिला आपण विचार करायला शिकवू इच्छितो, आईविरुद्ध साक्ष द्यायला नव्हे.

तिसरी, एकत्र करता येईल असे काम शोधावे आणि दोघांनाही प्रामाणिकपणे म्हणता येतील असे शब्द शोधावेत. खंडेनवमीच्या पूजेत भाग घ्यायचा नसेल, तर तसे सहकाऱ्यांना आदल्या दिवशीच मोकळेपणाने सांगावे. आणि त्याच दिवशी सकाळी लवकर येऊन सूक्ष्मदर्शकांची भिंगे पुसण्याचे, गंजलेले स्क्रू बदलण्याचे काम आपल्या अंगावर घ्यावे. पूजा करणाऱ्या बाई मदतीला येतील, असा माझा अंदाज आहे. उपकरणांची काळजी घ्यावी, यावर दोघांचेही एकमत असते. त्या फूल वाहतील, आपण वाहणार नाही, आणि दोघांनाही एकमेकांचे कारण ठाऊक असेल.

शिबिरात मागच्या रांगेतून पुढच्या वेळी तो प्रश्न आला, की “नाही” म्हणून मी थांबत नाही. त्यापुढे सेवाग्रामच्या लग्नाची ही गोष्ट सांगतो. मग चहाच्या वेळी भेटायला येणारे दोन्ही गट एकाच टेबलाशी उभे राहून आपसात बोलू लागतात, असे एकदोनदा घडले आहे.